आधी कुणाला विचारायचे? टोकियो ते इझुमो, एका जपानी मैत्रिणीसोबत

गुरुवार, टोकियो

इइदाबाशी स्थानकातून बाहेर पडून काही मिनिटे चालले की एका अरुंद गल्लीत टोकियो दाइजिंगू हे शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचे, मंदिर लागते. संध्याकाळचे सहा वाजत आले होते, कचेऱ्या नुकत्याच सुटल्या होत्या आणि मंदिरापुढच्या रांगेत बहुतेक सगळ्या तिशीच्या आतबाहेरच्या मुली, गडद कोट घालून, खांद्याला ऑफिसची पिशवी अडकवून शांतपणे उभ्या होत्या. जोडीदार मिळावा म्हणून टोकियोतल्या मुली या मंदिरात येतात. माझी मैत्रीणही त्यासाठीच आली होती आणि मला दाखवण्याचे निमित्त तिने पुढे केले होते. तिचे नाव मी इथे देत नाही, कारण तिने तशी अटच घातली आहे. पुण्याजवळ चाकणच्या एका कारखान्यात ती दुभाषी म्हणून नोकरीला होती, कर्वेनगरात पेइंग गेस्ट राहत होती, आणि रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या माझ्या मोडक्यातोडक्या जपानीवर हसता हसता आमची मैत्री झाली. तेव्हापासून ती मला ताई म्हणते. वय छत्तीस, अविवाहित.

या मंदिराची स्थापना १८८० ची. १९०० साली जपानच्या युवराजांचा विवाह राजवाड्यातल्या देवघरात झाला आणि त्याच धर्तीवर सामान्य लोकांसाठी शिंतो पद्धतीचा विवाहविधी या मंदिराने बसवून दिला. त्याआधी लग्ने घरातच लागत. पांढरे वस्त्र, मंदिर, साके या मद्याचे तीन प्याले हे जे दृश्य पाहून आपण ‘केवढी जुनी परंपरा’ म्हणतो, ते या रूपात सव्वाशे वर्षांचेच आहे. आपल्याकडच्या लग्नांतल्या किती गोष्टींची अशी जन्मतारीख काढता येईल, हा विचार रांगेत उभी असताना मनात आला आणि तिथेच सोडून दिला.

नंतर एका छोट्या खानावळीत बसल्यावर तिने खरी गोष्ट सांगितली. एका पुरुषाला ती दोनदा भेटली होती आणि तिसरी भेट पुढच्या आठवड्यात ठरली होती. या तिसऱ्या भेटीला जपानमध्ये भलतेच महत्त्व आहे. साधारण तिसऱ्या भेटीपर्यंत दोघांपैकी कुणीतरी, बहुधा पुरुषाने, समोर उभे राहून ‘तू मला आवडतेस, माझ्याशी नाते जोडशील का’ असे स्पष्ट शब्दांत विचारायचे असते. या रीतीला ते ‘कोकुहाकु’ म्हणतात. होकार आला की त्या दिवसापासून ते दोघे जोडपे, आणि त्यापूर्वीच्या भेटींत कितीही हसणे-बोलणे झाले असले तरी ते हिशेबात धरले जात नाही. शाळकरी मुले वर्गाच्या मागे किंवा गच्चीवर जाऊन हेच करतात आणि चाळिशीचे लोकही हेच करतात. पुढे वर्षपूर्ती मोजायची तीही त्या तारखेपासून.

मी तिला म्हटले की आमच्याकडे अशी तारीख सांगता येणार नाही. कॉलेजच्या कट्ट्यावर एक दिवस मित्रमंडळींच्या लक्षात येते की या दोघांचे जमले आहे, आणि पुष्कळदा त्या दोघांना ते सगळ्यांत शेवटी कळते. प्रपोज करणारे करतात, नाही असे नाही, पण आमच्याकडे ज्या वाक्यासाठी धीर एकवटावा लागतो ते वाक्य वेगळे असते आणि ऐकणारेही वेगळे. ‘आई, बाबा, मला तुमच्याशी थोडं बोलायचं आहे’, हे ते वाक्य. माझ्या स्वतःच्या बाबतीत ते चौथ्या वर्षी उच्चारले गेले.

ती बराच वेळ विचार करत राहिली आणि मग तिने विचारले, “म्हणजे तुमच्याकडे कोकुहाकु आईवडिलांपुढे करतात?” मला याला उत्तर सुचले नाही, पण पुढचे सगळे दिवस आम्ही याच प्रश्नाभोवती फिरत राहिलो.

शुक्रवार, टोकियो

आज १४ मार्च, म्हणजे व्हाइट डे. शिंजुकूतल्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरात, जिथे एरवी डबे, लोणची आणि मिठाई विकतात, तिथे पुरुषांची ही गर्दी उसळली होती. जपानमध्ये १४ फेब्रुवारीला चॉकलेट देतात ते बायकांनी पुरुषांना. आवडत्या माणसाला मनापासूनचे, आणि कचेरीतल्या साहेबाला व सहकाऱ्यांना कर्तव्य म्हणून दिलेले, असे त्यात दोन वर्ग. त्याची परतफेड पुरुषांनी बरोबर महिन्याने करायची. मिठाई उत्पादकांच्या संघटनेने १९८० च्या सुमारास ही परतफेड रूढ केली आणि मिळाले त्याच्या तिप्पट किमतीचे परत द्यावे असा एक संकेतही लोकांत पसरला. कर्तव्याच्या चॉकलेटचा जाच इतका वाढला की २०१८ साली गोडायव्हा या चॉकलेट कंपनीनेच ‘ही प्रथा आता थांबवू या’ अशी पानभर जाहिरात जपानी वर्तमानपत्रात दिली. चॉकलेट विकणाऱ्यानेच घेऊ नका म्हणावे, म्हणजे प्रकरण कुठपर्यंत गेले असेल!

करड्या सुटातले एक गृहस्थ, पन्नाशीचे असावेत, हातात कागदाची यादी धरून विक्रेतीला एकेक डबा मोजायला लावत होते. बिस्किटांचे सहा डबे झाल्यावर त्यांनी सातवा वेगळा मागितला, गोळ्यांचा, निळ्या फितीचा, आणि तो स्वतःच्या बॅगेत निराळ्या कप्प्यात ठेवला. बिस्किटे म्हणजे नुसती मैत्री आणि गोळ्या म्हणजे आवड, अशी इथली लोकसमजूत आहे. मैत्रिणीने मला कोपराने ढोसले. सातवा डबा कुणाचा, यावर आम्ही वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत तर्क लढवत होतो. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर १४ फेब्रुवारीला गुलाबांचे भाव चढतात, पण साहेबाला गुलाब देण्याची वेळ अजून कुणावर आलेली नाही.

दुपारी तिने फोनवर टोकियो महानगर सरकारचे जोडीदार शोधण्याचे अॅप दाखवले. हे २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाले. दोन वर्षांची वर्गणी ११,००० येन. नाव नोंदवण्यासाठी ओळखपत्र, अविवाहित असल्याचा सरकारी दाखला आणि वार्षिक उत्पन्नाचा कागद जोडावा लागतो, शिवाय संबंधित कर्मचाऱ्यांना मुलाखत द्यावी लागते. ज्या शहराचा जननदर २०२३ साली ०.९९ वर आला, त्या शहराच्या सरकारला लग्ने जुळवण्याची घाई का झाली असेल हे सांगायला नको. माझी मैत्रीण ज्याला दोनदा भेटली तो याच अॅपमधून मिळालेला.

मला यातले काहीच नवे वाटले नाही. शिक्षण, नोकरी, पगार, घर स्वतःचे की भाड्याचे, हे सगळे आपल्याकडे वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर कधीपासून आहे आणि त्याची शहानिशा करायला दाखला लागत नाही, मुलाच्या गल्लीत राहणारी कुणाची तरी मावशी पुरते. फरक आहे तो फॉर्म भरणाऱ्या हातात. पुण्यात तो बहुधा वडील भरतात, तेही सुवाच्य अक्षरात, आणि ‘अपेक्षा’ या रकान्यात मुलीला न विचारता ‘निर्व्यसनी’ लिहितात. त्यापुढे जात, पोटजात आणि पत्रिका. टोकियोच्या अॅपला जातीचा रकाना नाही, हे मात्र मी तिला दोनदा विचारून खात्री करून घेतले.

शनिवार, क्योतो

शिंकान्सेन या वेगवान रेल्वेने सव्वादोन तासांत क्योतो. वाटेत तिने सांगितले की पहिल्याच भेटीत त्या गृहस्थांनी तिला रक्तगट विचारला होता. ए गटाची माणसे काटेकोर, बी गटाची आपमतलबी, ओ गटाची मोकळी आणि एबी गटाची लहरी, असा इथला समज आहे. शास्त्राचा त्याला काडीचाही आधार नाही, तरी विचारतात सगळेच. मी तिला नाडी, गण आणि छत्तीस गुण समजावून सांगितले. एक नाड आली तर चांगले जुळलेले स्थळही मोडते, हे ऐकून तिने फक्त इतकेच विचारले की हे गुण मोजतो कोण. मोजणारे गुरुजी वेगवेगळे असले तर उत्तरही कधीकधी वेगळे येते आणि घरच्यांना लग्न हवे असेल तर हवे ते उत्तर देणारे गुरुजी सापडतात, हे सांगितल्यावर तिला आमची पद्धत रक्तगटापेक्षा पुष्कळच सोयीची वाटली.

कियोमिझु या बौद्ध मंदिराच्या आवारातले जिशू मंदिर प्रेमिकांचे म्हणून प्रसिद्ध आहे, पण दुरुस्तीसाठी ते २०२२ पासून बंद होते. डोळे मिटून एका दगडापासून सुमारे दहा मीटरवरच्या दुसऱ्या दगडापर्यंत चालत जाता आले तर प्रेम सफल होते, असा त्याचा लौकिक. ते राहिले.

मग संध्याकाळी आम्ही कामो नदीवर गेलो, आणि या प्रवासातले सगळ्यांत पाहण्यासारखे दृश्य तिथे दिसले. सांजो आणि शिजो या दोन पुलांमधल्या दगडी काठावर जोडपी बसतात आणि दोन जोडप्यांमधले अंतर सारखे राखलेले असते. कुणी आखून दिलेले नाही, पाटी नाही, पहारेकरी नाही. नवीन जोडपे आले की ते दोन जोडप्यांच्या बरोबर मधोमध बसते, आणि जागा फारच कमी उरली की पुढे चालू लागते. क्योतोत हा चेष्टेचा आणि अभ्यासाचाही विषय आहे. मार्चची थंडी होती, वारा नदीवरून येत होता, तरी पंधरा-वीस जोडपी होतीच. एका मुलाने आपला मफलर काढून मुलीच्या गुडघ्यांवर पसरला आणि दोघे समोर पाहत बसून राहिले. हातात हात होता, त्यापलीकडे काही नाही. चारचौघांत लाडात येणे जपानी माणसाला अजूनही अवघड वाटते.

मला अर्थातच डेक्कनचा झेड ब्रिज आठवला. तिथेही नदीच, तिथेही ओळीने जोडपी, पण कठड्याला लावलेल्या दुचाकीवर बसलेली, आणि पुष्कळ मुलींच्या चेहऱ्यावर डोळे सोडून सगळे झाकणारा तो पुणेरी स्कार्फ. धूळ आणि ऊन ही त्याची कारणे खरी आहेतच, पण संध्याकाळी साडेसातला ऊन नसते. कामोवरच्या जोडप्याला शेजारच्या जोडप्यापासून थोडा आडोसा हवा असतो. झेड ब्रिजवरच्या मुलीला लपायचे असते ते पुलावरून स्कूटरने जाणाऱ्या काकांपासून. २०१५ साली मुंबईत मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घालून कितीतरी सज्ञान जोडप्यांना बाहेर काढले होते, त्यांपैकी काहींना घरी फोन लावायला सांगितले होते, हे मी तिला सांगितले तेव्हा तिचा प्रश्न साधा होता: “त्यांनी कोणता गुन्हा केला होता?” गुन्हा कोणताच नव्हता. पोलिसांना घरी फोन करणे पुरेसे वाटले, यातच सारे आले.

जेवणाचे बिल आम्ही निम्मे-निम्मे भरले. इकडे जोडप्यांतही वाटणीची पद्धत आहे, मात्र पुरुषाने थोडे जास्त द्यावे अशी अपेक्षा असते. तिला ‘टीटीएमएम’ पुण्यातच ठाऊक झाले होते.

रविवार, ओकायामा

मैत्रिणीचे मूळ घर ओकायामाला. पुणेकरांना हे गाव नावाने माहीत असते, कारण सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान इथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले आहे. सकाळी ती मूळ बाग पाहिली. हिरवळ मार्चमध्ये अजून तपकिरी होती. एवढे पुरे, कारण दिवस खरा गेला तो तिच्या घरी.

आजी सत्त्याऐंशी वर्षांच्या. गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत बसतात, पण बोलणे खणखणीत. त्यांचे लग्न ‘ओमिआई’ने झालेले, म्हणजे मध्यस्थाने जुळवलेले. जपानमध्ये १९३० च्या दशकात दहातली जवळपास सात लग्ने अशीच होत, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीला प्रेमविवाहांनी त्यांना मागे टाकले. आजींनी कपाटातून आपली त्या वेळची माहितीची घडी काढून दाखवली: जाड पांढरा कागद, ब्रशने लिहिलेली उभी अक्षरे, नाव, जन्म, शाळा, छंद, मग वडील, काका, भाऊ आणि प्रत्येकाची नोकरी. सोबत किमोनोतला फोटो. मी फोनवर माझ्या चुलतबहिणीचा बायोडेटा काढून त्याच्या शेजारी ठेवला. वर गणपतीचे चित्र, मग रास, नक्षत्र, उंची, ‘वर्ण गोरा’, वडील बँकेतून निवृत्त, मामा कोल्हापूरचे अमुक. मैत्रिणीने दोन्ही एकामागून एक मोठ्याने वाचून दाखवले आणि आजी म्हणाल्या, “देव सोडला तर एकच आहे.”

बघायला आले होते ते एका हॉटेलात, मध्यस्थ दांपत्यासह. आजींनी मान वर करून नवऱ्याकडे एकदाच पाहिले. चहा गार झाला. मी कांदेपोह्यांची रीत सांगितली, मुलीने ट्रे घेऊन बाहेर यायचे, पाहुण्यांनी ‘पोहे तूच केलेस का’ विचारायचे, आणि करणारी आई असली तरी ‘हो’ म्हणायचे. यावर माझी मैत्रीण म्हणाली की कर्वेनगरात घरमालकिणीच्या मुलीला पाहायला आले तेव्हा तिला तासभर स्वयंपाकघरातच बसवून ठेवले होते, परदेशी पाहुणी बाहेर आली तर बघणाऱ्यांचे लक्ष उडेल म्हणून.

आजींनी १९५९ ची गोष्ट रंगवून सांगितली. युवराज अकिहितो आणि मिचिको शोदा यांची ओळख १९५७ साली कारुइझावाच्या टेनिस मैदानावर झाली, आणि सरदार घराण्यातली नसलेली मुलगी युवराज्ञी झाली. त्या लग्नाची मिरवणूक पाहण्यासाठी देशभर लोकांनी दूरचित्रवाणी संच घेतले. आजींच्या सासऱ्यांनीही घेतला. “संच आला, पण घरातल्या मुलींना टेनिस खेळायला कुणी पाठवले नाही,” असे आजी म्हणाल्या.

जेवताना मावशीचा विषय निघाला. ती १९६६ ची. ते साल जपानी पंचांगात ‘अग्नि-अश्वाचे’, दर साठ वर्षांनी येणारे, आणि त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला मारक असते असा समज. त्या एका वर्षात जपानमधले जन्म आदल्या वर्षापेक्षा सुमारे पाव हिश्श्याने घटले. मावशीला स्थळे येत आणि सालावरून परत जात. शेवटी तिने कचेरीतल्या सहकाऱ्याशी स्वतःच लग्न जमवले आणि मावसोबा आजही ठणठणीत आहेत. आपल्याकडच्या मंगळाच्या आणि मूळ नक्षत्राच्या मुलींच्या कथा मी सांगितल्या त्या या घरात कुणालाही समजावून द्याव्या लागल्या नाहीत. त्यानंतरचे अग्नि-अश्व वर्ष २०२६ चे. या वेळी काय होईल, यावर घरात दोन तट होते.

तांदळाची गोष्ट मात्र त्यांना विलक्षण वाटली. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा सोन्याच्या अंगठीने बायकोचे नवे नाव लिहितो, आणि कालपर्यंत जिला सगळे एका नावाने हाक मारत होते ती उद्यापासून वेगळी कुणी होते, हे ऐकून आजींनी चष्मा काढला. आडनाव जाते हे त्यांना ठाऊक होते, पण पहिले नावही? आता हे कमी झाले आहे, मी म्हटले. माझ्या आईचे बदलले होते, माझे नाही.

मैत्रिणीची आई या सगळ्यात फारसे बोलली नाही. मुलीच्या तिसऱ्या भेटीबद्दल तिला ठाऊक होते, पण ‘तो तुझा प्रश्न’ एवढेच म्हणून तिने भाताची वाटी पुढे केली. मराठी आईच्या तोंडून हे वाक्य मी एकदाच ऐकले आहे आणि तेव्हा त्याचा अर्थ अगदी उलटा होता.

सोमवार, मात्सुए आणि इझुमो

ओकायामाहून याकुमो एक्सप्रेस डोंगरांतून वळणे घेत अडीच तासांत मात्सुएला पोहोचते. तिथल्या यायेगाकी मंदिरामागे झाडीत एक लहान तळे आहे. मंदिरातून पातळ कागद घ्यायचा, तो पाण्यावर सोडायचा, त्यावर दहा किंवा शंभर येनचे नाणे अलगद ठेवायचे. कागद भिजला की त्यावरची अक्षरे उमटतात. पंधरा मिनिटांच्या आत बुडाला तर लग्न लवकर, अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला तर उशिरा; काठाजवळ बुडाला तर माणूस जवळचा, दूर गेला तर लांबचा. तिचा कागद अडखळत मध्यापर्यंत गेला आणि तिथे बराच वेळ तरंगत राहिला. शेजारच्या एका मुलीने कागद लवकर बुडावा म्हणून शंभराचे नाणे ठेवले होते. जड नाणे ठेवण्याची युक्ती देवाला चालते का, हे विचारायला जवळ पुजारी नव्हता.

वाट पाहता पाहता आम्ही कायद्याकडे वळलो. जपानमध्ये लग्न म्हणजे नगरपालिकेत दिलेला एक अर्ज, दोन सज्ञान साक्षीदारांच्या सह्या असलेला, आणि तो रात्री दोन वाजतादेखील खिडकीवर देता येतो. आपल्या विशेष विवाह कायद्यात, १९५४ पासून, तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती कचेरीत लावली जाते आणि कुणालाही हरकत घेता येते. आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्न करू पाहणाऱ्यांना ही नोटीस किती महागात पडते हे मी पाहिलेले आहे. मात्र जपानच्या सोप्या अर्जात एक अट आहे: दिवाणी संहितेच्या ७५० व्या कलमानुसार नवराबायकोचे आडनाव एकच हवे. कुणाचे घ्यायचे ते ठरवायला दोघे मोकळे, पण शंभरातल्या पंचाण्णव जोडप्यांत बदलते ते बायकोचे. २०१५ आणि २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य नसल्याचा निर्णय दिला. नाव बदलावे अशी आपल्या कायद्याची सक्ती नाही, समाजाची आहे. तिथे समाज गप्प आहे आणि सक्ती कायद्याची. मला दोन्हींत निवड करायला सांगितली तर मी समाजाशी भांडणे पत्करीन, कारण त्याला निदान घरात उलट उत्तर देता येते.

तिने तळ्याकाठीच ठरवून टाकले. तिसऱ्या भेटीत तो बोलला नाही तर ती स्वतः विचारणार, आणि लगेच दुसरा प्रश्न आडनावाचा. पंधरा वर्षे ज्या आडनावाने ती दुभाष्याचे काम करते आहे ते सोडायची तिची तयारी नाही. मी म्हटले, दोन्ही प्रश्न एकाच दमात विचारू नकोस, बिचारा जेवत असेल.

दुपारी शिंजी तळ्याच्या काठाकाठाने जाणाऱ्या छोट्या विजेच्या गाडीने इझुमोच्या शिंतो मंदिरात गेलो. इतर मंदिरांत दोन टाळ्या वाजवून नमस्कार करतात, इथे चार. चांद्र वर्षाच्या दहाव्या महिन्यात देशभरातले देव इथे जमतात आणि कुणाची गाठ कुणाशी घालायची याची बैठक भरवतात, अशी श्रद्धा आहे. म्हणजे वरपक्ष, वधूपक्ष आणि मध्यस्थ या सगळ्यांचे काम देवांनी स्वतःकडे घेतले आहे, आणि माणसांनी मात्र ‘तो तुझा प्रश्न’ म्हणून अंग काढून घेतले आहे, असे मी म्हटले. ती हसली.

परतीच्या गाडीत माझ्या फोनवर तिच्या आईचा निरोप आला. आदल्या दिवशी आम्ही दोघींनी ‘लाइन’ या निरोपांच्या अॅपवर एकमेकींचे क्रमांक घेतले होते ते घरातले फोटो पाठवण्यासाठी. आदरार्थी भाषेत, प्रवास कसा झाला, थंडी फार नाही ना, असे विचारून झाल्यावर शेवटी एक ओळ होती: तो मुलगा घरातला थोरला आहे का, आपल्याला काही ठाऊक आहे का? थोरल्या मुलाशी लग्न म्हणजे सासूसासऱ्यांचे म्हातारपण सुनेकडे, हा हिशेब ओकायामातही आहे आणि सांगलीतही. मुलीला थेट विचारायचे नाही म्हणून त्या बाईंनी पाहुणीला मध्यस्थ केले होते. मी फोन मैत्रिणीपुढे धरला. तिने दोनदा वाचले, कपाळाला हात लावला आणि मग उत्तर द्यायची परवानगी दिली. मी लिहिले: धाकटा आहे, थोरला भाऊ नागोयाला असतो, लग्न झालेले आहे.